आभाळ असेल त्या दिवशी

१४ जून, शनिवार

दिवसभर आभाळ होतं आणि मी घरात बसून बारावीचं वेळापत्रक करत राहिले. असा दिवस वाया! लक्षात आलं तेव्हा दिवे लागले होते.

डॉक्टरांनी एप्रिलमध्ये जे सांगितलं ते इथं अजून लिहिलेलं नाही. लिहिलं की पक्कं होतं असं वाटतं, म्हणून टाळलं असावं. जावेदच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा कडेकडून निकामी होत चाललाय. औषध नाही. वर्ष, फार तर दोन. उन्हात त्याला सगळं पांढरं दिसतं, कुणी चुना फासल्यासारखं. अंधार पडला की काहीच नाही. पण ढगाळ उजेडात समोरचं एवढंसं गोल दिसतं आणि ते स्वच्छ दिसतं. "जे पाहायचं असेल ते पाहून घेऊ द्या त्यांना," डॉक्टर म्हणाले. पावती फाडताना म्हणाले.

माझा धाकटा भाऊ. त्रेचाळीस वर्षांचा. अब्बा गेले तेव्हा कॉलेज सोडून स्टेअरिंगवर बसला, म्हणून मी एम.ए. झाले. बावीस वर्षं त्यानं टुरिस्ट गाडी चालवली. आज विचारलं, काय काय बघायचंय? लाजला.

"आपा, मैं तो पार्किंगच देखा. बाकी कुछ नहीं."

हसत म्हणाला, पण खरंच आहे ते. ड्रायव्हर आत जात नाही. पार्टीचं, म्हणजे प्रवाशांचं, सामान गाडीत असतं, पार्टी कधी परत येईल सांगता येत नाही. वेरूळला हजार वेळा गेला असेल. एक लेणं पाहिलेलं नाही!

पावसाळाभर, आभाळ असेल त्या दिवशी, त्याला हे सगळं दाखवायचं. ठरलं.

१५ जून, रविवार

वहीच्या मागच्या पानांवर आखणी केली. त्याच्या धंद्यातला दिवस असा असे: सकाळी वेरूळ, येताना खुलदाबाद, मग दौलताबाद, चारला मकबरा, पाचला पाणचक्की, सहाला स्टेशन. मी ते सगळं उलटं केलं. एका दिवशी एकच ठिकाण. पायऱ्या कमी, बसायला जागा भरपूर, दिवेलागणीच्या आत घरी. जायचं बसनं. कुणी घाई करायची नाही. डबा घ्यायचा.

त्याला वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मंगल को वेरूळ बंद रहता, आपा. पूरे शहर को मालूम है, मास्तरनी को नहीं मालूम!"

अरफा, त्याची मुलगी, हसून हसून आडवी झाली. मीही हसले. फार दिवसांनी या घरात तिघं एकदम हसलो.

१६ जून, सोमवार

इतकी मन लावून आखणी का करतेय ते मला ठाऊक आहे. लिहून टाकते. ही वही मराठीत आहे ती अम्मीला वाचता येऊ नये म्हणून. अम्मी जाऊन सहा वर्षं झाली, तरी इथं खरं लिहायला अजून भीती वाटते.

फेब्रुवारीत आम्ही सगळे खुलदाबादहून येत होतो. जावेदच गाडी चालवत होता. पुढं मी, मागं त्याची बायको अख्तरी आणि अरफा. दिवस मावळत होता. घाटात उजवीकडून एक सायकलवाला आला. जावेदनं ब्रेक दाबलाच नाही. सायकलवाल्यानं सायकल टाकून खड्ड्यात उडी मारली म्हणून वाचला. मी ओरडले. जावेद म्हणाला, "क्या हुआ?"

त्याला कळलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, मी बद्रीनाथांना फोन केला. गाड्या त्यांच्या. जावेद पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडं. सांगितलं, त्याला नीट दिसत नाही, गाडी काढून घ्या. पण कारण सांगू नका आणि माझं नाव तर मुळीच नको. नाही तर तो ऐकायचा नाही, दुसऱ्या कुणाची गाडी धरेल. ते म्हणाले, "बरं ताई."

महिनाअखेरीला त्यांनी त्याला सांगितलं — सीझन संपला, एक गाडी कमी करतोय. गाडी कमी झाली नाही. आठ दिवसांत तिच्यावर नवा ड्रायव्हर आला.

जावेद दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "नाम, आपा. दूसरा क्या?" डोळ्यांचं तर तेव्हा त्यालाच माहीत नव्हतं. मग दुसरं कारण कोणतं असणार? मी कसंबसं म्हटलं, करीमही आपल्यातलाच, तो ड्रायव्हर आहे की अजून त्यांच्याकडं. तर म्हणाला, "करीम चिकलठाण्याकू कंपनी की बस चलाता. उसका नाम कौन पूछता? नाम पार्टी पूछती."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी डाळीखालचा गॅस बारीक केला.

एप्रिलमध्ये डोळ्यांचं कळल्यावर तरी? तेव्हाही नाही. "अब तो वैसे भी चलाना नहीं है," तो म्हणाला, "लेकिन उसकू तो मालूम नहीं था ना." यावर मी काय बोलणार होते? बोलता आलं असतं. बोलले नाही.

चार महिने एका भल्या माणसावर मी असा डाग राहू दिलाय, जो हल्ली धुऊनही जात नाही.

२२ जून, रविवार

आभाळ! सकाळी सहाला गच्चीवर जाऊन खात्री केली. मकबरा.

गेटपाशी उतरलो आणि जावेद सवयीनं पार्किंगकडं वळला. अरफानं बाही ओढली — "अब्बू, इधर! आज आप पार्टी हो." तिथले ड्रायव्हर ओळखीचेच. एक जण ओरडला, "क्या जावेदभाई, तिकीट निकाल के? हमारी बेइज्जती करते क्या!"

आत गेल्यावर तो थांबला. मान हळूहळू फिरवत, तुकड्यातुकड्यानं बघत होता. एक मिनार. मग घुमट. मग दुसरा मिनार. मूठ दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून. "इतना बडा है?" पार्किंगमधून त्याला नेहमी फक्त घुमटाचा शेंडा दिसायचा. वर चौथऱ्यावर तासभर बसलो. संगमरवर ढगांच्या रंगाचा झाला होता. डबा उघडला तर म्हणाला, "बावीस साल पार्टी का डब्बा उतारा. आज पहली बार खाया."

सांगायची हीच वेळ, असं मनात आलं. त्याचा चेहरा इतका शांत होता! घास तोंडात फिरत राहिला.

बाहेर आलो तर करीम रिक्षा घेऊन उभा. मी विचारलं, कंपनीची बस? तो जावेदकडं बघत म्हणाला, "छोड दिया. मैं और दो जने. बद्रीशेठ ने आपके साथ जो किया, उसके बाद उसकी गाडी पे बैठना नक्को लगा. आज आप, कल हम."

जावेदनं त्याला मिठी मारली. मी छत्री उघडली. पाऊस नव्हता.

२३ जून, सोमवार

करीमला तीन मुलं आहेत. बांधलेला पगार सोडलाय त्यानं. माझ्या गप्प बसण्यामुळं.

२९ जून, रविवार

ऊन. खिडकीला चादर लावून जावेद दिवसभर पडून.

धीर करून बद्रीनाथांना फोन केला. म्हटलं, मी जावेदला सगळं सांगणार आहे. तुमच्यावरचा आळ मला सहन होत नाही.

ते घाईनं म्हणाले, "नका, ताई. राहू द्या."

"अहो, तुमची माणसं सोडून चाललीत!"

"जाऊ द्या. येतील दुसरे. त्याला जे वाटायलंय ते वाटू द्या."

"पण ते खोटं आहे ना!"

विषय बदलत म्हणाले, "डोळे कसे हाईत त्याचे? ढगात दिसतं म्हनं. कुटं कुटं नेलं?" मी मकबऱ्याचं सांगितलं, पार्किंगकडं वळला तेही. हसायला गेले, मग म्हणाले, "लई वेळा म्हनायचा मला, शेठ, एकदा आत जाऊन बघू. म्या म्हनायचो, पार्टी कोन सांभाळील?" फोन ठेवला.

स्वतःवर आळ घेऊन माझं नाव झाकतोय हा माणूस. केवढं मोठं मन! आणि मी?

४ जुलै, शुक्रवार

तास संपल्यावर सोनिया थांबली. बद्रीनाथांची मुलगी, बारावीत माझ्याच वर्गात आहे. अरफाही त्याच वर्गात. दोघी पहिलीपासून एका बाकावर.

"मॅडम, अरफा माझ्याशी बोलत नाही. बाक बदललाय तिनं. मी काय केलं?"

काय सांगू? म्हटलं, विचारते तिला.

घरी विचारलं. अरफा म्हणाली, "उसके अब्बा से पूछो ना, फुप्पी." सतरा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर ते जे काही होतं, ते मी पूर्वी तिथं पाहिलं नव्हतं. ते माझ्यामुळं आलंय. हे तिच्या आयुष्यभर राहिलं तर?

येत्या ढगाळ दिवशी सांगायचंच.

(ढगाळ दिवसाचीच वाट का? आज काय झालं होतं? हे लिहिताना मला माझी लबाडी दिसते. आभाळाच्या आड लपते मी.)

१२ जुलै, शनिवार

दौलताबाद. सकाळी भुरभुर, मग नुसतं आभाळ. बसमध्ये जावेद ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. वळणांवर त्याचा उजवा पाय आपोआप पत्र्यावर दाबला जात होता. मी बघितलं आणि बाहेर बघू लागले.

चांद मिनारपर्यंतच जायचं ठरवलं होतं, पुढचा चढ नको. मिनारासमोरच्या कट्ट्यावर बसलो, कणसं खाल्ली. जावेद आम्हाला किल्ल्याची माहिती सांगायला लागला — कुठल्या गाइडची वाक्यंच्या वाक्यं, इंग्रजीसकट! काचेआडून ऐकलेली. "अब लेफ्ट में देखिये," म्हणाला आणि हात उजवीकडं केला. अरफा हसली नाही. तिनं त्याचा हात धरून हळूच डावीकडं नेला.

मग बद्रीनाथांचं बोलायला लागला. मी विषय काढला नव्हता. अम्मीच्या मयताला बद्रीनाथ कसे चिखलात उभे होते. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद, तर दर रविवारी ज्वारीचं पीठ घेऊन येत, दारातूनच ठेवून जात. दर ईदला शिरखुर्म्याचा पहिला वाडगा त्यांचा.

"मुंह पे गाली देता ना आपा, चलता था. 'जावेद, तू बुढ्ढा हुआ' बोलता, चलता था. लेकिन ये... इतने साल मैं क्या था उसके वास्ते?"

हे विचारताना माझ्याकडं बघत होता. पण त्याच्या त्या गोलात मी होते की नव्हते, मला कळलं नाही.

गप्प राहिले. पुन्हा!

१३ जुलै, रविवार

झोप नाही. का बोलत नाही मी?

एक — तो माझ्याशी बोलणं टाकेल. हे खरं आहे, पण पुरतं नाही. दोन — त्याची नोकरी बहिणीनं घालवली हे कळण्यापेक्षा जगानं घालवली हे त्याला सोपं जातंय. असं मी स्वतःला सांगते. पण त्याला ते सोपं जातंय हे ठरवणारी मी कोण? आणि खरं लिहायचं तर तिसरं असं आहे की लोकांना हे लगेच पटलं. करीमला पटलं, अरफाला पटलं. कुणी एकानंही "बद्रीनाथ असं करणार नाही" म्हटलं नाही. खोटं इतकं सहज चालून गेलं की मला ते खरं करायला कष्टच पडले नाहीत.

फोन केला ते बरोबर होतं. सायकलवाला आज जिवंत आहे. कारण लपवलं ते चूक. या दोन गोष्टी मी एकात कालवून बसले होते. आज वेगळ्या झाल्या.

१९ जुलै, शनिवार

मुसळधार. कुठं जाणं नाही. जावेदनं अरफाला टायर कसा बदलायचा ते तोंडी शिकवलं. घरात टायर नाही, गाडी नाही.

२६ जुलै, शनिवार

सांगितलं.

वेरूळ. श्रावण लागलाय, बसमध्ये घृष्णेश्वराला जाणाऱ्यांची दाटी. एका म्हातारीनं जावेदचं चाचपडणं बघितलं आणि उठलीच — "बस बाबा हितं. डोळ्याला काय झालं रं? औषिद चालू हाय का?" तो नको नको म्हणत होता, तिनं खांद्याला धरून बसवलं.

कैलास लेणं मुद्दाम निवडलं होतं. बाकीच्या लेण्यांत आत अंधार, त्याला काही दिसलं नसतं. कैलास वरून उघडं. वरून ढगांचा सारखा उजेड पडत होता, कुठं सावली नाही की चकाकी नाही. जावेद अंगणात उभा राहिला आणि वर बघत गेला, बघत गेला. दगडी हत्तीजवळ जाऊन त्याच्या पायाला हात लावला. तुटलेली सोंड चाचपली. "बाहर से एक डोंगर दिखता था, आपा. इतने साल मैं डोंगर के सामने गाडी धोता था."

अरफा वरच्या मजल्यावर गेली. आम्ही दोघं हत्तीच्या सावलीत — चुकलं, सावली नव्हतीच — हत्तीपाशी बसलो. आणि मी सांगितलं. घाट, सायकलवाला, फोन, माझी अट. बद्रीनाथांनी शब्द पाळला तेही. सगळं एका दमात, वर्गात धडा वाचून दाखवावा तसं.

तो हत्तीकडंच बघत होता.

"कब किया फोन?"

"अकरा फेब्रुवारी."

"सायकलवाले कू लगा क्या?"

"नाही. उडी मारली त्यानं."

मान हलवली. मग म्हणाला, "मैं उसके सलाम का जवाब नहीं दिया, आपा. ईद कू दरवाजे पे आया था. मैं अंदर बैठा रहा."

माझ्याबद्दल एक शब्द नाही.

२८ जुलै, सोमवार

माझ्याशी बोलत नाही. रागानंही नाही. ताट समोर ठेवलं की जेवतो.

अख्तरी जिन्यात थांबवून म्हणाली, "आपा, आपने अच्छा किया. पर देर से किया." तिच्याकडून इतकी लांब वाक्यं मी वर्षात ऐकली नव्हती.

३० जुलै, बुधवार

जावेदनं माझ्यासमोर करीमला फोन लावला. स्पीकर ठेवला, मला ऐकू जावं म्हणून असेल. "गलती मेरी थी. बद्रीशेठ ने कुछ नहीं किया. मेरी आँख खराब थी, उसकू मालूम था, उसने छुपाया. तुम तीनों वापस जाओ. मेरी कसम." करीम म्हणाला, "आप बोल रहे तो ठीक, भाई."

माझं नाव घेतलं नाही. त्यानंही!

अरफानं आज पुन्हा बाक बदलला. सोनियाशेजारी बसली. तास घेताना दोनदा माझी ओळ चुकली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

करीम आणि ते दोघं कामावर रुजू झाले. जावेद म्हणाला, "इतवार कू बद्रीशेठ के घर जाऊंगा. माफी मांगने." माझ्याशी म्हणाला. माझ्याशी!

३ ऑगस्ट, रविवार

कडक ऊन. मी म्हटलं, आभाळ येऊ दे, मग जा. ऐकलं नाही. अरफाचा हात धरून मुकुंदवाडीला जाऊन आला.

येऊन पाणी प्यायला. भिंतीकडं तोंड करून सांगितलं. बद्रीनाथांनी त्याला माफी मागू दिली नाही. हात धरून म्हणाले, "जावेद, ताईचा फोन यायच्या आधीच म्या तुझी गाडी काढून घ्यायचं ठरवलं होतं. दिवाळीपासून पार्ट्या ड्रायव्हरचं नाव विचारायल्या. तुझं नाव ऐकून तीन बुकिंगं गेली. तुला तोंडावर कसं सांगू, रोज कुढत होतो. ताईचा फोन आला आन् म्या सुटलो." रडत होते म्हणाला.

मग माझ्याकडं वळून विचारलं—

"अब करीमकू क्या बोलूं, आपा?"